हलवली तरच लागणारी टॉर्च अशी दुरुस्त केली

रात्री शेतीपंपाची थ्री फेज वीज आली की मोटार सुरू करायला विहिरीवर जावं लागतं, त्यामुळे टॉर्च धड हवीच. आमची दोन सेलची टॉर्च हलवली की लागायची, नाहीतर विझायची. नवे सेल घातले तरी तेच.

मागचं झाकण काढलं तर स्प्रिंगवर पांढरट खपली. अल्कलाइन सेल गळला की असा क्षार साचतो आणि वीज अडते. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसलं. बारीक फेस आला, खाली धातू चमकला. लिंबाचा रसही चालतो. हातमोजे मात्र घालाच, क्षाराने कातडी पोळते. मग कोरडं करून स्प्रिंग पॉलिश पेपरने घासली. झाकणाचे आटेही पुसले, कारण धातूच्या टॉर्चमध्ये वीज बॉडीतूनच परत फिरते. टॉर्च लख्ख लागली!

आता जुना-नवा सेल एकत्र घालत नाही, आणि बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवतो.

चालताना टॉर्च कमरेखाली धरा. तिरप्या उजेडात दगडाची, सापाची सावली लांब पडते. डोक्याजवळून झोत मारला तर सगळं सपाट दिसतं. धुक्यातही खालचा उजेडच बरा, डोळ्यांवर कमी परततो.