मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी की लेक्सस? लक्झरी गाडी निवडताना बिल्ला शेवटी का पाहावा

लक्झरी गाडी घ्यायची ठरली की बहुतेकांच्या मनात बिल्ला आधीच पक्का झालेला असतो आणि शोरूममध्ये जाणं होतं ते त्याला कारणं जमवायला. इथे क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. आधी गाडीत कोण बसणार, ती उभी कुठे राहणार, बिघडली तर कोण बघणार आणि पाच वर्षांत खिशातून किती जाणार हे पाहू. बिल्ल्याचं नंतर. उदाहरणं साधारण ४५ ते ९० लाखांच्या गाड्यांची आहेत आणि कर महाराष्ट्रातले.

पायरी १ : पुढे बसणार की मागे?

ड्रायव्हर ठेवणार असाल तर यादी लगेच आटते. मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची ५ सीरीज या दोन्ही आपल्याकडे लांब व्हीलबेसच्या मिळतात, म्हणजे मागे बसणाऱ्यासाठीच ताणलेल्या. शोरूममध्ये मागच्या सीटवर निदान दहा मिनिटं बसा, पुढची सीट ड्रायव्हरच्या उंचीप्रमाणे मागे घ्यायला लावा आणि मांडीखाली गादीचा आधार गुडघ्याजवळपर्यंत येतो का ते बघा. गुडघ्यासमोर वीतभर जागा असून मांडी अधांतरी असेल तर पुणे-नाशिक प्रवासात कंबर बोलू लागते. पाचवा माणूस नेहमी असणार असेल तर मधला बोगदाही पाहा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत तो उंच असतो आणि मधल्याचे पाय दोन बाजूंना फाकतात.

घरात गुडघेदुखीची माणसं असतील तर सेडानचा मोह आवरावा. खाली बसून पुन्हा वर उठणं त्यांना जड जातं. मर्सिडीजची जीएलसी, ऑडीची क्यू५ किंवा व्होल्वोची एक्ससी६० यांसारख्या गाड्यांत सीट कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे नुसतं सरकून बसता येतं.

स्वतः चालवणार असाल तर गणित बदलतं. चेन्नईत जोडली जाणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय ३ लिटर, सहा सिलिंडर, ३७४ हॉर्सपॉवरची आहे आणि ताशी ० ते १०० ला कंपनीच्या आकड्याप्रमाणे ४.४ सेकंद घेते. त्या पैशांत दुसऱ्या बिल्ल्याखाली एवढं इंजिन मिळणं अवघड आहे. उलट ‘क्वाट्रो’ (ऑडीची चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) हे नाव ऐकून ऑडी ए६ घ्यायला निघालेल्यांनी कागद नीट वाचावा, कारण आपल्याकडे विकली गेलेली ए६ ४५ टीएफएसआय पुढच्या चाकांवर चालते.

आता पार्किंग. ई-क्लासची लांबी ५,०९२ मिमी आणि ५ सीरीजची ५,१६५ मिमी आहे. सोसायटीत दुमजली यांत्रिक पार्किंग असेल तर त्याच्या खांबावरच्या पाटीवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. तिचा फोटो काढून आणा आणि गाडीच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांशी ताडून बघा. एसयूव्ही बहुधा उंचीत अडते, तर मोठी इलेक्ट्रिक गाडी वजनात. बुकिंगचे पैसे भरल्यावर हे लक्षात आलं तर शेजाऱ्याच्या जागेसाठी आर्जवं करण्यावाचून इलाज नसतो.

पायरी २ : वर्कशॉप किती लांब?

गुगल मॅपवर शोरूम शोधू नका, बॉडीशॉप (पत्र्याचं आणि रंगाचं काम करणारा विभाग) असलेलं सर्व्हिस सेंटर शोधा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथे चिंता कमी आहे. सांगली, लातूर किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याला मात्र दर सर्व्हिसला एक अख्खा दिवस आणि बिघाड झाल्यास फ्लॅटबेड ट्रक लागतो. तिथे फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: समोरची काच साठ्यात असते का, बंपर मागवला तर किती दिवसांत येतो, आणि गाडी अडकली तर दुसरी देता का.

मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत, बीएमडब्ल्यू चेन्नईत, व्होल्वो बेंगळुरूजवळ होसकोटेला आणि लेक्सस ईएस बिदादीला जोडली जाते. म्हणून सुटे भाग चाकणहून येतील असं समजू नका, बरेचसे परदेशातूनच येतात. जोडणी इथे होण्याचा मोठा फायदा करात असतो. पूर्ण तयार आयात होणाऱ्या मॉडेलवर सीमाशुल्क फार जास्त पडतं. रेंज रोव्हरची जोडणी पुण्यात सुरू झाल्यावर २०२४ मध्ये तिची किंमत उतरली ती याचमुळे.

पायरी ३ : पाच वर्षांचा हिशेब कागदावर

वेळ द्यायचा तो इथे. पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम ६० लाख, महिन्याला १,००० किलोमीटर, पाच वर्षांनी विकायची असं धरू.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ७.८ लाख. डिझेलला १५ टक्के, म्हणजे ९ लाख. कंपनीच्या नावावर पासिंग केलं तर २० टक्के, म्हणजे १२ लाख. ‘कंपनीत घेतली की वाचते’ म्हणणाऱ्या मित्राने हे ४.२ लाख मोजले आहेत का ते विचारा. शिवाय स्वतःच्या वापराच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा कंपनीलाही मिळत नाही. घसारा दाखवता येतो, तोही वर्षाला १५ टक्के घटत्या किमतीवर. सीएकडून दोन्ही आकडे मांडून घ्यावेत. शोरूम याशिवाय १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर), म्हणजे ६० हजार घेतं, पण तो खर्च धरू नका, विवरणपत्र भरताना तो वळता होतो.

पाच वर्षांनी निम्मी किंमत, ३० लाख, हाती येईल असं धरू. मग घसरणीचे ३० लाख आणि रोड टॅक्सचे ७.८ लाख झाले ३७.८ लाख. विमा पहिल्या वर्षी दोन-अडीच लाखांचा असतो, मग उतरत जातो, एकूण ८.५ लाख धरा. सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्ती ४ लाख, टायरचा एक संच १.२ लाख. लिटरला १० किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ६०,००० किलोमीटरला ६,००० लिटर पेट्रोल, १०४ रुपये भावाने सव्वासहा लाख. बेरीज पावणेअठ्ठावन्न लाखांच्या आसपास जाते, म्हणजे किलोमीटरला ९६ रुपये. ठाण्याहून लोणावळ्याला जाऊन आलात की पंधरा हजारांच्या पुढे गेलात. कर्जाचं व्याज आणि ड्रायव्हरचा पगार यात धरलेलाच नाही.

या हिशेबात पेट्रोल हा किरकोळ आकडा आहे. निम्म्याहून जास्त भार किंमत घसरण्याचा आहे. म्हणून लिटरला दोन किलोमीटर जास्त देणाऱ्या गाडीपेक्षा पाच वर्षांनी तीन लाख जास्त आणणारी गाडी स्वस्त पडते. आणि म्हणूनच दोन-तीन वर्षं वापरलेली, कंपनीनेच तपासून वॉरंटीसह विकलेली गाडी पैशांच्या दृष्टीने नव्यापेक्षा बरी असते, मग बिल्ला कुठलाही असो.

परतकिमतीची हमी देणाऱ्या हप्त्याच्या योजनेत अटींचं पान आधी वाचा. वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा, ओरखड्याला किती कापणार, गाडी परत न देता ठेवायची तर शेवटचा मोठा हप्ता किती, हे तिन्ही आकडे लेखी घ्या.

वॉरंटीत फरक मोठा आहे. मर्सिडीज ३ वर्षं देते. लेक्ससने २०२४ पासून ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची दिली आहे. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्यासाठी हा एक मुद्दा बाकीच्या पाचांना भारी पडतो.

पायरी ४ : तोच सांगाडा स्वस्तात मिळतो का?

ऑडी क्यू३ आणि स्कोडा कोडियाक यांचा सांगाडा एकाच कुळातला आहे. २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ताकद दोघांतही मिळते, आणि दोन्ही शेंद्र्यातल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. कोडियाकमध्ये शिवाय तिसरी रांगही मिळते. लेक्सस ईएस ३००एच आणि टोयोटा कॅमरी यांचं नातंही असंच आहे: दोन्हींत २.५ लिटर इंजिनाची हायब्रिड यंत्रणा, ईएसमध्ये आवाज कमी, चामडं चांगलं, मागची सीट ऐसपैस. वरचे पैसे नेमके कशाचे हे डोळे उघडे ठेवून ठरवा. शांततेचे असतील तर ते योग्यच आहेत. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघा.

पायरी ५ : इंधन

डिझेलचं अ‍ॅव्हरेज चांगलं असतं, पण रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत एवढाच वापर असेल तर घेऊ नका. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी एका वेगाने वीसेक मिनिटं गाडी पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत ते पूर्ण होत नाही, दिवा लागतो, ताकद कमी होते आणि वर्कशॉपची फेरी पडते. आठवड्यातून एकदा एक्स्प्रेसवेवर जाणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारा द्रव, त्याची वेगळी टाकी असते) वेळेवर भरा. टाकी रिकामी झाली तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. इलेक्ट्रिकवरच्या या कमी करामुळेच बीएमडब्ल्यूची लांब इलेक्ट्रिक आयएक्स१ जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना, म्हणजे पेट्रोल एक्स१च्या पंगतीत, येऊ शकली. घरी चार्जर बसवायची सोसायटीची परवानगी लेखी मिळाली, तरच पुढे विचार करा.

पायरी ६ : टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाल्यांचा ठरलेला रस्ता गुळगुळीत असतो. तुमच्या घरापर्यंत न्या, चौघे बसवून. सोसायटीच्या उतारावर आणि सर्वांत वाईट स्पीडब्रेकरवर पोट घासतं का ते बघा. १९-२० इंची चाकांवर टायरची भिंत बारीक असते. खड्ड्यात आदळली की तिला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्याच गाडीत एक इंच लहान चाक मिळत असेल तर ते घ्या, दिसण्यात थोडं कमी पडेल, पण कंबर आणि खिसा दोन्ही वाचतात. डिकी उघडून स्टेपनी आहे का ते पाहा. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतील तर ती नसू शकते.

वेगाबद्दल थोडक्यात: समृद्धीवर मर्यादा १२० आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला १००. व्होल्वो तर आपल्या गाड्या ताशी १८० लाच रोखते. त्यामुळे २०४ हॉर्सपॉवरची ई २०० आणि २५८ची ५३०एलआय यांतला फरक कळतो तो ट्रकला ओलांडताना, ताशी ६० वरून १०० ला जाताना. तेवढंच तपासा.

पायरी ७ : आता बिल्ला

प्रतिष्ठा हा खोटा निकष नाही. बिल्डर, सर्जन, वकील यांच्या धंद्यात गाडी बोलते. फक्त ती कोणाशी बोलायला हवी ते ठरवा. मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गावातल्या पारावरही ओळखला जातो, आणि तो सी-क्लासवर आहे की ई-क्लासवर हे तिथे फारसं कोणी बघत नाही. बीएमडब्ल्यूची ओळख गाडी चालवण्याची हौस असणाऱ्यांत जास्त. लेक्सस बघून ‘ही टोयोटाच ना?’ असं विचारणारे भेटतात. व्होल्वोचं दुखणं तर खास आपलं: ‘व्होल्वोने आलो’ म्हटलं की समोरचा बसचं तिकीट किती पडलं ते विचारतो. ज्याला नजरेत भरायचं नाही त्याला हाच फायदा आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत उद्योजक-व्यावसायिकांच्या गटाने एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींचा सौदा. शहराची पत दाखवायची हौस त्यात होतीच, पण एकत्र जाऊन भाव पाडायची व्यापारी अक्कलही होती. आज मर्सिडीज देशभर एकाच किमतीला थेट विकते, त्यामुळे तिथे घासाघीस कमी चालते. बाकीच्यांकडे डिसेंबरात ऐका, पण सूट कुठल्या महिन्यात बनलेल्या गाडीवर आहे ते विचारा. जुन्या वर्षाच्या गाडीवरची सूट विकताना परत जाते.

‘०००१’ नंबर हवाच असेल तर चारचाकीला ५ लाख, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख शुल्क आहे. तेवढ्या पैशांत तीन वर्षांच्या सर्व्हिसचं पॅकेज बसतं, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

पायरी ८ : विमा आणि ताबा

झीरो डेप (बदललेल्या भागांची किंमत घसारा न कापता देणारं कव्हर) घेतलं म्हणजे सगळं आलं असं नाही. पाणी साचलेल्या सबवेत गाडी घातली आणि इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचा खर्च झीरो डेप देत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका, खरं नुकसान बहुतेकदा त्या दुसऱ्या स्टार्टने होतं आणि दावाही तिथेच अडतो. पहिली तीन वर्षं ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’, म्हणजे बिलाची किंमत परत देणारं कव्हर, घ्या. चोरी किंवा पूर्ण नुकसान झालं तर साध्या पॉलिसीत दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत ३० टक्के कमी धरतात.

पासिंग होण्याआधी, दिवसाउजेडी, गाडी धुतलेली नसताना बघायला जा. चेसिस नंबर बिलाशी जुळवा. चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. एकच टायर वेगळ्या वर्षाचा निघाला तर का ते विचारा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते बोटाने तपासा. सगळ्या काचा, सनरूफ, चारही सीटच्या मोटरी चालवून बघा, दुसरी किल्ली मागून घ्या. काही खटकलं तर नंबर पडण्याआधीच गाडी बदलून मागा. एकदा नोंदणी झाली की तीच गाडी तुमची, आणि मग उरते ती फक्त दुरुस्ती.