तिन्हीसांजेला रडणारं बाळ: कोलिक ओळखावं कसं, शांत करावं कसं

दिवसभर गुणी असलेलं बाळ दिवेलागण झाली की मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं, लालेलाल होऊन किंचाळतं. घेतलं तरी रडतं, पाजलं तरी रडतं. निरोगी बाळाच्या अशा उगीचच्या, न थांबणाऱ्या रडण्याला कोलिक म्हणतात. नोव्हेंबरात नाशिकची थंडी पडू लागली होती, माझी मुलगी ६ आठवड्यांची होती आणि आमच्या सिडकोतल्या घरात रोज ७ ते १० हेच चालायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "मिसळ खाल्ली असशील, बाळाला बाधली." मी महिनाभर मिसळीकडे बघितलंही नव्हतं. बाळंतिणीनं खाल्लेल्या घासावर दरवेळी बाळाच्या रडण्याचा आळ घेतात. तो मनावर घेऊ नका. वरचं दूध पिणाऱ्या बाळांनाही कोलिक होतो.

ओळखायला वय आणि वेळ बघा. रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि ३-४ महिन्यांत ओसरतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. १९५४ साली मॉरिस वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं सहकाऱ्यांसोबत एक माप दिलं: दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ दिवसांपेक्षा जास्त आणि असं ३ आठवड्यांपेक्षा जास्त. आता डॉक्टर तेवढे आठवडे वाट बघत नाहीत. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, ताप नाही आणि तरी उगीच रडतंय, एवढं त्यांना पुरतं. नेमकं एकच कारण वैद्यकशास्त्राला सापडलेलं नाही. पोटात गॅस दिसतो खरा, पण बराचसा रडताना गिळलेल्या हवेचा असतो.

रडणं सुरू झालं की आधी बाळाचे सगळे कपडे काढून उजेडात बघा. हातापायांच्या बोटांना आईचा गळालेला केस किंवा मोज्याचा दोरा गुंडाळलाय का? केस रुतला तर बोट सुजतं, आणि तो सहज दिसत नाही. जांघेत फुगवटा आहे का? अंग तापलंय का? ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे लगेच दवाखाना. हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेली टाळू, दूध न ओढणं, लघवी अगदी कमी होणं, अंग ढिलं पडणं, झटके, श्वासाला त्रास, किंवा कधी नव्हे असं उंच, वेगळ्याच सुराचं रडणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्र्यंबक रोडचं सिव्हिल असो की जवळचा बालरोगतज्ज्ञ, निघा. गाडी नसेल तर १०८ लावा.

यातलं काही नसेल तर भूक आणि ढेकर बघा. शेवटचं पाजून दोनेक तास झाले असतील तर पाजा, मग उभं धरून पाठीवर हलकं थोपटा. ढेकर आला नाही तरी काही मिनिटांनी थांबा, तासभर बडवत बसू नका.

मग उपाय एकेक करून बघा, प्रत्येकाला ५-१० मिनिटं द्या. दर मिनिटाला झुलव, खुळखुळा वाजव, दुसऱ्याकडे दे असं केलं की बाळ आणखी बिथरतं. दिवा मंद करा. मऊ दुपट्यात गुंडाळा, पण कमरेखाली सैल, पाय मुडपता आले पाहिजेत. बाळ कूस बदलायला लागलं की गुंडाळणं बंद. माझ्या मुलीला सर्वांत लागू पडलं ते असं: हातावर पालथं घ्यायचं, गाल कोपराच्या घडीत, आणि घरातल्या घरात सावकाश फेऱ्या. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याची घरघर लांबून ऐकू आली की ती निम्मी शांत व्हायची. झोप लागली की मात्र पाठीवरच निजवा.

घरचे उपाय मायेनं येतात, म्हणून त्यांना नाही म्हणणं जड जातं. तरी पहिले ६ महिने दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून काही नको: गुटी नको, ओव्याचं पाणी नको, ग्राइप वॉटर नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. डायसायक्लोमिन असलेलं पोटदुखीचं औषध ६ महिन्यांच्या आत धोक्याचं आहे, उरलेली जुनी बाटली काढू नका. ओव्याच्या गरम पुरचुंडीनं नाजूक कातडी भाजते, धुरीनं छातीला त्रास होतो. नाळ पडून बेंबी सुकल्यावर आजीनं भोवती पातळ हिंग लावलं तर वाद घालू नका, मात्र त्यावर भिस्त ठेवू नका. दृष्ट काढायची तर काढू दे, मिरच्या-मोहरी जाळायची ती बाळापासून लांब.

आणि तुमचे हात थरथरायला लागले, राग वर आला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढा आणि ५-१० मिनिटं गॅलरीत उभ्या राहा. रडण्यानं बाळाला इजा होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा. संध्याकाळची पाळी नवऱ्याशी, सासूबाईंशी वाटून घ्या. अंबडच्या कंपनीतून दमून आलेल्या माणसालाही अर्धा तास बाळ खांद्यावर घेता येतं. नवजात बाळासाठी आशाताईंच्या घरभेटी ४२व्या दिवसापर्यंत असतात, म्हणजे रडणं कळसाला असताना त्या येतातच. त्यांना बाळाबरोबर स्वतःची झोप, स्वतःचं रडूही सांगा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना गाठा, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.