मावशींची बक्षिसी पाकिटात ठेवा
कोल्हापुरात दोन-तीन दिवसांसाठी फ्लॅट किंवा होमस्टे घेतला, तर साफसफाईच्या मावशी बहुधा तुम्ही निघाल्यावरच येतात. बक्षिसी हातात देणं जमत नाही. बिलात ‘क्लीनिंग फी’ लावली असली तरी त्यातलं मावशींपर्यंत किती पोहोचतं, ते मालकच जाणे. १००-२०० रुपये रोख पाकिटात घाला, वर ‘सफाईच्या मावशींसाठी’ असं ठळक लिहा. नुसती नोट उशीखाली ठेवली, तर पाहुणे विसरले समजून ती मालकाकडे जायची. जोतिबाहून गुलालात न्हाऊन आला असाल, तर एकदा चादरी-टॉवेलांकडे बघा आणि हात जरा सैल सोडा. तांबड्या रश्श्याची भांडी मात्र विसळूनच ठेवा. कट वाळला की घासणीलाही दाद देत नाही.