गुडघा नेमका कुठे झिजतोय, ते आधी बघा

"गुडघा दुखतो" असं सांगत कुणी आलं की मी म्हणते, एका बोटानं दाखवा. बहुतेक जण आधी अख्खा तळहात गुडघ्यावर ठेवतात. दोन पायऱ्या उतरून बघा म्हटलं की मग बोट बरोबर जागेवर जातं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला त्या बोटाची फार मदत होते. गुडघ्यात तीन कप्पे असतात, आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा, आणि तिघांच्या झिजेची कारणं एकसारखी नसतात. नुसत्या दुखण्याच्या जागेवरून निदान होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

घरी आरशासमोर अनवाणी उभे राहा आणि घोटे जुळवा. गुडघ्यांमध्ये ठळक फट राहत असेल, तर तुमचे पाय बाहेर वाकलेले आहेत आणि आतल्या कप्प्यावर भार जास्त येतो. सरळ पायातही चालताना साधारण ६० ते ७० टक्के भार आतूनच जातो, म्हणून तिथली झीज सगळ्यात जास्त दिसते. गुडघे एकमेकांना टेकतात पण घोटे जुळत नाहीत, असं असेल तर भार बाहेरच्या कप्प्याकडे सरकतो. पायाच्या या ठेवणीकडे दुर्लक्ष करू नका. झीज आधीच सुरू झालेल्या लोकांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. १८ महिन्यांत आतली झीज वाढण्याची शक्यता बाहेर वाकलेल्या पायांत सुमारे चौपट, आणि बाहेरची झीज वाढण्याची शक्यता उलट ठेवणीत जवळपास पाचपट आढळली.

आता जुनी दुखापत आठवा. लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटलं होतं का? दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) काढली होती का, आणि कुठल्या बाजूची? बाहेरच्या कप्प्यात नडगीच्या हाडाचा माथा किंचित फुगीर असतो, वर मांडीचं हाडही गोलच. दोन गोल पृष्ठभाग टेकले की भार इवल्याशा जागेवर येतो, आणि तो पसरवायचं काम गादी करते. म्हणून बाहेरची गादी गेलेल्या गुडघ्याची मला जास्त काळजी वाटते.

वाटीमागचं दुखणं सपाट रस्त्यावर बहुधा गप्प असतं. जिना उतरताना, उकिडवं बसताना, खुर्चीतून उठताना ते बोलतं. वाटी ज्या खाचेतून सरकते ती उथळ असणं, वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असणं किंवा बाहेर सरकणं, ही इथली खास कारणं. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असला की त्यात भर पडते. यासाठी पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती खाली दाबा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला स्नायू टणक झालेला हाताला लागला पाहिजे. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा करा. हाताला काही लागलंच नाही, तर तुम्ही बहुतेक नुसती टाच रेटताय.

वय, स्त्री असणं, आनुवंशिकता यांवर आपला इलाज नाही. वजनावर आहे. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाय बाहेर वाकलेले आणि वजनही जास्त असेल, तर आतल्या कप्प्याला दुहेरी मार बसतो. अशांनी वजन कमी करणं आधी हाती घ्यावं. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

एक्स-रे काढायची वेळ आली तर तो उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये हाडांमधली फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. वाटीमागे दुखत असेल तर स्कायलाइन व्ह्यू, म्हणजे गुडघा वाकवून वाटीमागची फट दिसेल असा काढलेला एक्स-रे, लागेल का, हेही डॉक्टरांना विचारा. समोरून काढलेल्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर येते आणि तो सांधा झाकला जातो. गुडघा गरम होऊन सुजला, मध्येच अडकला, किंवा त्यावर भारच देता येईना, तर व्यायाम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.