वाफ, घाण, परिमळ: वासाच्या जुन्या शब्दांचं मूळ कसं शोधावं

वासाच्या शब्दांची व्युत्पत्ती सांगताना बहुतेक चुका होतात त्या अर्थावरून मूळ ठरवल्यामुळे. अर्थ पार उलटाही होतो. ध्वनी मात्र बऱ्याच अंशी नियमाने बदलतात. म्हणून ध्वनी आधी तपासा, अर्थ मागून.

सुरुवातीला प्रत्यय सोलून काढा. करपटमधून ‘ट’ काढला की करपणे उरतं, मातकटमधून ‘कट’ काढला की माती, धुरकटमधून धूर. घमघमाटासारखा अनुकरणवाचक, म्हणजे नादाच्या नकलेतून घडलेला, शब्द असेल तर त्याला ओढूनताणून संस्कृत धातू चिकटवू नका.

आता उरलेला गाभा प्राकृतातून, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यातून, मागे न्या. हा टप्पा गाळला की सगळं फसतं. ‘वाफ’ घ्या. संस्कृत बाष्प, प्राकृत बप्फ, मराठी वाफ. ‘ष्प’चा ‘प्फ’ झाला, पुढे जोडाक्षर सुटलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. हिंदीत ‘फ’मधला महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा श्वासाचा झोत, शब्दाच्या सुरुवातीला सरकून ‘भाप’ झालं. संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ आणि अश्रूही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात या दोन अर्थांची रूपंच वेगळी दिली आहेत: अश्रूंसाठी बाह, वाफेसाठी बप्फ. आपल्याकडे आलं ते दुसरं रूप, म्हणून ‘वाफ’मध्ये अश्रूंचा मागमूस नाही.

‘घाण’ हा घ्राणाचा वारस. ‘घ्र’मधला ‘र’ गळला, एवढंच. घ्राण म्हणजे नाक, हुंगणं, वास, त्यात चांगलंवाईट काही नाही. मराठीत तो आधी दुर्गंधावर आणि मग मळावर येऊन थांबला.

‘धूर’ मात्र ‘धूम’वरून आला असं बेधडक लिहू नका. दोन स्वरांमधल्या ‘म’चा मराठीत ‘व’ होतो: ग्राम–गाव, नाम–नाव. ‘म’चा ‘र’ कुठून आला हे सांगता येत नसेल, तर नोंदीत प्रश्नचिन्ह ठेवा. असं प्रश्नचिन्ह चुकीच्या उत्तरापेक्षा कितीतरी उपयोगी असतं.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांनाही जपा. वनवासातला ‘वास’ राहण्याचा. सुवासातला ‘वास’ सुगंधित करण्याचा. दोन्हींना एकाच मुळाशी बांधणं ही नेहमीची चूक.

मग अर्थाकडे या, आणि तो जुन्या वापरातून घ्या. आज सुगंध, परिमळ, आमोद आपण सरमिसळ वापरतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात परिमल म्हणजे चोळल्या-मर्दल्यामुळे उठणारा मनोहर गंध. आमोद म्हणजे तोच दूरवर पसरणारा. कच्च्या मांसाच्या वासालाही तिथे स्वतंत्र शब्द आहे, विस्र. परिमलचा परिमळ झाला तो फल–फळ याच वाटेने. १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात ‘परिमळांमाजि कस्तुरी’ येतं. तिथे परिमळ म्हणजे सुगंधी द्रव्य. अशा साल ठाऊक असलेल्या वापराची नोंद प्रत्येक अर्थाशेजारी करा. एकोणिसाव्या शतकातल्या अर्थासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती पाहा.

उसन्या शब्दांना प्राकृताचे नियम लावू नका. अत्तर अरबी ‘इत्र’वरून आलं. ‘गॅस’ सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या रसायनतज्ज्ञाने ग्रीक ‘खाओस’वरून घडवला, आणि १८४० मध्ये शोनबाइन या रसायनतज्ज्ञाने ‘ओझोन’ हे नाव दिलं ते वास येणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून.