नोकरी सांभाळून योगाभ्यास: या चुका टाळा

सोमवार ते शुक्रवार काहीच नाही आणि रविवारी सकाळी सलग दोन तास. नोकरदारांचा अभ्यास बहुतेक वेळा इथेच अडतो. आठवडाभर खुर्चीत आखडलेले मांडीमागचे स्नायू एकदम ताणले की सोमवारी नितंबाखाली, बसायच्या हाडापाशी ठणका लागतो. तो उतरेपर्यंत पुढचा रविवार येतो, आणि तोही विश्रांतीत जातो. मग लोक म्हणतात, ‘वय झालं, शरीर वळत नाही.’ वयाचा इथे फारसा संबंध नाही. त्या दोन तासांचे वाटे करा: रोज पंधरा-वीस मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी निवांत तासभर. योगसूत्रांचे कर्ते पतंजली यांनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने करा, एवढंच सांगितलं आहे. तासांचा हिशेब त्यांनी मागितलेला नाही.

दुसरी चूक पहाटेची. लोकल गाठायची म्हणून उठल्या उठल्या थेट पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं! रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळी पुढे वाकताना कमरेवर जास्त ताण येतो. आधी थोडं चालाफिरा, ताडासन (ताठ उभं राहणं), मार्जारासन (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं) करा. मग पश्चिमोत्तानासनाला घडी केलेल्या ब्लँकेटवर बसा, तळपायांना पट्टा लावा, गुडघे हवे तर किंचित वाकवा आणि खुब्यातून पुढे या. पोट आत दुमडून पाठीला पोक येतंय असं वाटलं की तिथेच थांबा. कपाळ गुडघ्याला टेकवायच्या नादात नेमकी कंबर जाते, हे मी वर्गात सारखं बघते.

रात्रीचं गणित वेगळं. नऊला घरी येऊन, जेवून, दहाला चटई अंथरली तर काही साधत नाही. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास आसनं नकोत. जेवणाआधी पंधरा मिनिटं काढा. पाय भिंतीला लावून विपरीत करणी, मग सुप्त बद्धकोनासन, म्हणजे पाठीवर झोपून तळपाय एकमेकांना जुळवून गुडघे बाजूला सोडणं. चक्रासनासारखी जोरकस मागे वाकायची आसनं झोपेआधी केली तर अनेकांची झोप उडते. आणि थकलेल्या मानेने शीर्षासन तर नकोच.

वेळ कमी पडला की कात्री लागते ती शवासनाला. कृपा करून दुसरं काहीही गाळा. वीस मिनिटांतली पाच त्याचीच.

‘अर्धा तास मिळत नाही, मग आज राहू दे’ हा हट्ट मला सगळ्यांत घातक वाटतो. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत, त्यात अतिश्रम आहेत आणि नियमांचा आग्रहही आहे. टीकाकार ब्रह्मानंदांनी या आग्रहाचं उदाहरण म्हणून पहाटेचं थंड पाण्याचं स्नानही दिलं आहे! तेव्हा अंघोळ झाली नाही, चटई नाही म्हणून अभ्यास बुडवू नका. ऑफिसच्या खुर्चीवर आडवं बसून, पाठ टेकायची बाजू दोन्ही हातांनी धरून तिच्याकडे वळलं की भरद्वाजासन, म्हणजे पाठीचा पीळ होतो. फक्त खुर्ची चाकांची नको. टेबलाच्या कडेवर हात ठेवून मागे सरकलात, कंबरेतून वाकलात, की खांदे सुटतात.

प्रगती कशावर मोजायची, हेही चुकतं. मार्चअखेरीस बँकेतल्या किंवा लेखा विभागातल्या माणसाने नवीन आसन शिकायला घेऊ नये. येतं तेवढं टिकवलं तरी तो महिना सार्थकी लागला. दुपारी चारला मान धरत नाही, त्रिकोणासनात श्वास अडकत नाही, ही खरी प्रगती. ती फोटोत दिसत नाही म्हणून लोक तिला मोजतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

स्नायूंचा साधा ताण काही दिवसांत ओसरतो. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कमरेतून खाली उतरणारी कळ असेल, तर पुढे वाकणं लगेच बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी शीर्षासन-सर्वांगासन करायचं की नाही, हे आधी डॉक्टरांना आणि शिक्षकांना विचारून घ्यावं.