वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीतल्या या चुका टाळा

शाळा-कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मुलं मंचावर अडखळली की दोष ‘स्टेजच्या भीती’वर जातो. खरं तर मंचावर दिसणाऱ्या बहुतेक चुका घरी, वहीत भाषण लिहितानाच झालेल्या असतात.

पहिली चूक मजकुराच्या लांबीची. मंचावरून सावकाश, स्पष्ट बोलताना मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. सात मिनिटांच्या स्पर्धेला 1100 शब्दांचं भाषण लिहिलं तर ते पळवावं लागणार आणि शेवट घंटेखाली चिरडला जाणार. 650 ते 700 शब्द पुरतात. उरलेला वेळ विराम, टाळ्या आणि श्वास यांत जातो. वेळ मोजायचा तो उभं राहून, मोठ्यानं बोलून. मनातल्या मनात वाचलं तर सात मिनिटांचं भाषण पाच मिनिटांतच संपल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसगत होते. आणखी एक सोय आधीच करून ठेवा: शेवटाच्या अलीकडचा एक परिच्छेद गाळला तरी भाषण तुटणार नाही, असा लिहा. इशाऱ्याची घंटा अपेक्षेपेक्षा लवकर वाजली तर तो सोडून थेट समारोपावर जाता येतं.

दुसरी चूक म्हणजे भाषणाचा निबंध करणं. ‘ग्रामीण भागातील पाणीटंचाईचे मूळ भूजलाच्या अनियंत्रित उपशात दडलेले असल्याचे आपणांस दिसून येते’ हे वाक्य कागदावर चालेल. सभागृहात ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातं, कारण त्याला मागचं पान उलटता येत नाही. तेच असं बोला: ‘गावात पाणी का नाही? पाऊस जमिनीत जेवढं मुरवतो, त्याहून जास्त आपण बोअरनं उपसतो.’ आकड्यांचंही तसंच. 2,34,567 हा आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही, ‘सव्वादोन लाखांच्या वर’ राहतो. एका भाषणात दोन-तीन आकडे पुरेत.

संबोधनाचं वेगळं सांगायला हवं. ‘अध्यक्ष महोदय, परीक्षक, वंदनीय गुरुजन, येथे जमलेल्या माझ्या...’ करत करत पाऊण मिनिट जातं, मग एक चारोळी, मग ‘आज मी आपल्यासमोर जो विषय मांडणार आहे तो आहे...’ विषय सूत्रसंचालकानं नुकताच सांगितलेला असतो! विवेकानंदांचं 11 सप्टेंबर 1893 चं शिकागोचं भाषण अनेक स्पर्धक उद्धृत करतात. त्याचं संबोधन एका ओळीचं आहे आणि अख्खं भाषण छापील रूपात इंग्रजीत पाचशे शब्दांच्याही आत आहे, हे मात्र कुणी उचलत नाही. संबोधन दहा सेकंदांत संपवा आणि पहिल्याच वाक्यात विषयाला हात घाला. अवतरणं मोबाइलवरच्या फॉरवर्डमधून घेऊ नका. कलामांच्या नावावर फिरणारं वाक्य त्यांचं नसेल तर जाणकार परीक्षकाला ते खटकतं. मूळ पुस्तकात पाहिलेलं एकच घ्या.

शब्दन् शब्द पाठ करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घोकलेल्या मजकुरात पुढचं वाक्य मागच्याला टांगलेलं असतं, एक शब्द निसटला की सगळंच जातं. पाठ करायची ती पहिली दोन वाक्यं, शेवटची दोन वाक्यं आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे नेणारी सांध्याची वाक्यं. बाकीचं रोज थोड्या वेगळ्या शब्दांत बोलून पाहा. टिपणं चालत असतील तर जाड कार्डावर एका बाजूला, ठळक अक्षरांत, क्रमांक घालून लिहा. पातळ कागद थरथरतो आणि हाताचा कंप मागच्या रांगेपर्यंत दिसतो.

तरीही मंचावर आठवेनासं झालं, तर ‘सॉरी’ म्हणू नका आणि मागे जाऊन पहिल्यापासून सुरू करू नका. शेवटचं वाक्य सावकाश, ठासून पुन्हा म्हणा. तेवढ्यात पुढचं आठवलं नाही तर पुढच्या मुद्द्यावर जा. तुमची संहिता श्रोत्यांकडे नाही. तीन सेकंदांची शांतता तुम्हाला फार मोठी वाटते, समोरच्यांना तो विराम वाटतो.

आवाजात एक खोड फार आढळते: वाक्याचा शेवट गिळणं. मराठीत क्रियापद आणि बऱ्याचदा नकारही वाक्याच्या टोकाला येतो. ‘हे आपल्याला परवडणारं नाही’ मधलं ‘नाही’ ऐकू आलं नाही तर अर्थच उलटतो. कारण साधं आहे, लांब वाक्यात तिथपर्यंत श्वास उरत नाही. पंधरा शब्दांपुढचं वाक्य तोडा, स्वल्पविरामाला श्वास घ्या आणि मित्राला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत उभं करून शेवटचे शब्द ऐकू येतात का ते विचारा. ‘हृदय’ म्हटलं की हात छातीवर, ‘एक’ म्हटलं की बोट वर, असे बसवलेले हावभाव काढून टाका. ते शिकवलेले आहेत हे लगेच कळतं.

उरला माइक. हातातला माइक तोंडापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, किंचित बाजूला तिरका धरा. अगदी समोर, ओठांशी धरला तर फ, भ, प यांची हवा थेट जाळीवर आदळते आणि स्पीकरमधून ‘धप्प’ येतं. जाळीभोवती मूठ आवळली किंवा माइक घेऊन स्पीकरच्या समोर गेलात की शिट्टी वाजते. तेव्हा घाबरून माइक झाकू नका, त्यानं शिट्टी वाढते. मूठ खाली दांड्यावर घ्या आणि स्पीकरच्या मागे सरका. टिचक्या मारून, फुंकून तपासू नका, ‘नमस्कार’ म्हटलं की कळतंच. पोडियमवरचा माइक आधीच्या उंच स्पर्धकासाठी लावलेला असतो. बोलायला लागण्याआधी तो हनुवटीच्या पातळीला आणा. चिठ्ठीत पहिला क्रमांक आला असेल तर सभागृहात अर्धा तास आधी पोचा आणि साउंडवाल्याला सांगून दोन वाक्यं बोलून बघा. पहिल्या स्पर्धकाच्या वेळी आवाजाची पातळी बहुधा जमलेली नसते, आणि कमी-जास्त करताना गेलेला वेळ तुमच्याच सात मिनिटांतून कापला जातो.